एमपीआयचा प्रोग्राम मध्येच अडकतो: बघायला सुरुवात कुठून करायची

"मॅडम, हँग झालं."

पॅरलल कम्प्युटिंगचं प्रॅक्टिकल सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की लॅबच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून ही हाक येतेच. कर्सर लुकलुकतोय, एरर म्हणाल तर एकही नाही, सीपीयूचा पंखा घरघरतोय, आणि मुलगा कीबोर्डपासून हात लांब धरून बसलाय, जणू आपण कशाला हातच लावलेला नाही. गेली दहा-बारा वर्षं मी ही लॅब सांभाळते. हा एकच आजार इतक्यांदा बघितलाय की निम्म्या वेळा खुर्चीमागे उभं राहूनच कारण कळतं. उरलेल्या निम्म्या वेळा कळत नाही, आणि तेव्हा क्रमाने बघत गेलं नाही तर अख्खी दुपार जाते. तो क्रम इथे लिहितेय.

आमचं सामान साधं आहे: उबुंटूची 24 मशीन, एक गिगाबिट स्विच आणि ओपन एमपीआय ही लायब्ररी. एमपीआय म्हणजे मेसेज पासिंग इंटरफेस: एकच काम अनेक प्रोसेसनी (प्रोग्रामच्या चालू प्रतींनी) मिळून करायची पद्धत. ज्यांना ती नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. थ्रेड असतात ते एकच मेमरी वाटून घेतात. एमपीआयमध्ये प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी. शेजारणीकडचा आकडा हवा असेल तर तिने तो पाठवायचा आणि हिने तो घ्यायचा, दुसरा मार्ग नाही. या देवाणघेवाणीचे नियम 1994 मध्ये ठरले आणि लॅबमधल्या दोन मशीनपासून मोठ्या महासंगणकापर्यंत तेच चालतात. त्यामुळे खालचं बरंचसं तिकडेही लागू पडेल. नेटवर्कच्या भागाला मात्र तिथे हात लावायचा नाही, ते शेवटी येईलच.

कमांड इथे उच्चारतो तशा लिहिल्यात. टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.

लक्षणं

- कमांड दिल्यावर स्क्रीनवर काहीच येत नाही. कंट्रोल-सी दाबेपर्यंत तसंच.
- 100 × 100 च्या मॅट्रिक्सला चालतो, 1000 × 1000 ला अडकतो.
- एका मशीनवर चालतो, दोन मशीनवर अडकतो. क्वचित याच्या उलट, आणि ते उलटं प्रकरण सगळ्यात मजेशीर आहे.
- 4 प्रोसेसना चालतो, 8 ना अडकतो.
- चार प्रोसेस मागितल्या तर चारही जणी सांगतात, "मी क्रमांक 0, एकूण 1."
- उत्तर बरोबर छापलं जातं, पण प्रॉम्प्ट परत येत नाही.
- सकाळी चालला, दुपारी नाही. कोड तोच.

एक गोष्ट मुद्दाम या यादीत घेतलेली नाही. "मॅडम, टॉपमध्ये चारही प्रोसेस 100 टक्के दाखवतायत, म्हणजे काम चाललंय ना?" नाही. टॉप ही कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारी कमांड. पण एमपीआयची प्रोसेस मेसेजची वाट बघताना सहसा झोपत नाही. ती दारात उभी राहून "आला का? आला का?" असं सेकंदाला लाखो वेळा विचारत राहते, कारण त्यामुळे मेसेज आल्या क्षणी तो उचलता येतो. त्यामुळे काम करणारी आणि जन्मभर वाट बघत बसणारी, दोघीही टॉपमध्ये 100 टक्केच दिसतात. एका मुलाने याच भरवशावर प्रोग्राम रात्रभर चालू ठेवला होता. सकाळी बघतो तर तिथेच. त्या रात्री लॅबचं वीजबिल तेवढं वाढलं असणार.

खरंच अडकलाय का?

हे बघायला एक मिनिट लागतं आणि पैसा लागत नाही, म्हणून पहिलं. प्रिंटएफने लिहिलेलं लगेच स्क्रीनवर येतंच असं नाही. ते आधी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, साठतं आणि एमपीआयरन (प्रोग्राम सुरू करणारी कमांड) ते तुमच्यापर्यंत आणतो. म्हणजे शेवटची दिसलेली ओळ ही शेवटची चाललेली ओळ असेलच असं नाही, आणि मुलं मात्र त्या ओळीखालचा कोड तासभर न्याहाळत बसतात. प्रत्येक प्रिंटएफनंतर 'एफफ्लश(एसटीडीआउट)' घाला. जमलं तर प्रत्येक ओळीत प्रोसेसचा क्रमांकही छापा, नाहीतर कोण बोललं तेच कळत नाही.

याच्याच पोटातली दुसरी गंमत: 'आकडा द्या' हा प्रॉम्प्ट बफरमध्ये अडकलेला असतो आणि प्रोग्राम बिचारा तुमच्या उत्तरासाठी थांबलेला असतो. हँग वगैरे काही नाही, एक आकडा टाकून एंटर मारा. आणि स्कॅनएफ फक्त क्रमांक 0 च्या प्रोसेसमध्येच ठेवा. कीबोर्डवरचं इनपुट एमपीआयरन डीफॉल्टने फक्त तिलाच देतो, बाकीच्यांच्या हाती काही लागत नाही आणि त्या कचरा आकड्यावर पुढे जातात.

आता सवय म्हणून कमांडला '--टाइमआउट 60' लावून टाका. ओपन एमपीआय साठ सेकंदांनी स्वतःच सगळं बंद करतो. प्रॅक्टिकलच्या प्रोग्रामला मिनिटभराहून जास्त लागायचं कारण नाही.

कालची भुतं

कंट्रोल-झेड दाबून खिडकी बंद केली की प्रोसेस मरतातच असं नाही. मागच्या बॅचच्या आठ प्रोसेस तशाच थांबल्या असतील तर मेमरी अडवून बसतात, चालू असतील तर कोअर खातात. "सकाळी चालला, दुपारी नाही" याचं कारण आमच्याकडे बहुतेक वेळा हेच निघतं. 'पीएस' करून काय काय चालू आहे ते बघा आणि आपल्या प्रोग्रामच्या नावाने 'पीकिल' करा. ज्या ज्या मशीनवर प्रोग्राम चालवला होता त्या प्रत्येकावर करा, फक्त समोरच्यावर नाही.

घरात दोन एमपीआय

"मी क्रमांक 0, एकूण 1" असं चार वेळा आलं तर कोड उघडूसुद्धा नका. कुणीतरी त्या मशीनवर ओपन एमपीआय आणि एमपीआयसीएच अशा दोन्ही लायब्ररी टाकल्यात. प्रोग्राम एकीने कंपाइल केलाय आणि सुरू दुसरीने केलाय. सुरू करणाऱ्याची भाषा प्रोग्रामला कळत नाही, म्हणून प्रत्येक प्रोसेस समजते की आपण एकटीच आहोत. अशा चार एकट्या. त्यात क्रमांक 1 ला काही पाठवायला गेलात तर अवैध क्रमांकाची एरर येते आणि मुलं पाठवायची ओळ दुरुस्त करत बसतात.

'व्हिच एमपीआयसीसी' आणि 'व्हिच एमपीआयरन' विचारा (एमपीआयसीसी कंपाइल करतो, एमपीआयरन सुरू करतो, आणि व्हिच सांगतो की त्या नावाची कुठली फाइल वापरली जातेय), मग दोन्हींना '--व्हर्जन' विचारा. नक्की करायचं असेल तर उबुंटूवर 'एमपीआयसीसी.ओपनएमपीआय' आणि 'एमपीआयरन.ओपनएमपीआय' अशी पूर्ण नावं वापरता येतात. अॅनाकोंडा टाकलेल्या मशीनवर तर आवर्जून बघा, तो स्वतःची एमपीआय घेऊन आलेला असू शकतो आणि पाथमध्ये पुढे घुसतो.

आता फाटा: एक मशीन की अनेक?

प्रोग्राम अनेक मशीनवर अडकत असेल तर तोच एका मशीनवर चार प्रोसेस देऊन चालवा. त्यासाठी काही विकत आणायचं नाही, कुणाची परवानगी नको. (कोअर पुरत नाहीत म्हणून स्लॉट कमी पडल्याची एरर आली तर '--ओव्हरसबस्क्राइब' लावा. संथ चालेल, पण चालेल.)

एका मशीनवरही अडकला तर केबल, स्विच, फायरवॉल सगळे निर्दोष. दोष कोडमध्ये. खालचे तीन भाग वाचा. एका मशीनवर धावला तर लगेच नेटवर्कवर खापर फोडू नका. आधी पुढची एक अक्षराची तपासणी कराच, ती का ते तिथेच कळेल.

एका अक्षराची तपासणी

या एका तपासणीने माझ्या लॅबमधल्या जितक्या हँग पकडल्या तितक्या बाकी सगळ्यांनी मिळून पकडल्या नसतील.

दोन प्रोसेस एकमेकींना मॅट्रिक्सच्या सीमेवरच्या ओळी देतात. दोघींच्या कोडमध्ये आधी 'एमपीआय_सेंड', मग 'एमपीआय_रिसीव्ह'. वाचताना काहीच खटकत नाही. आधी देऊ, मग घेऊ.

दिवाळीत जिन्यात समोरासमोरच्या दोन दारांतून दोघी एकाच वेळी फराळाचं भरलेलं ताट घेऊन बाहेर येतात. दोघींचे दोन्ही हात गुंतलेले. "तुम्ही आधी घ्या हो." "नाही नाही, तुम्ही आधी." घ्यायला हात मोकळा कुणाचाच नाही आणि हात मोकळा व्हायला समोरचीने आधी घ्यायला हवं. संपलं. हाच डेडलॉक.

हे मी वर्गात दोन मुलींना पुढे बोलावून, दोघींच्या दोन्ही हातांत एकेक मॉनिटर देऊन दाखवते. जुने, बंद पडलेले. एका वर्षी त्यातली एक थोडा वेळ उभी राहून वैतागली आणि म्हणाली, "मॅडम, मी हा सरळ हिच्या बाकावर नेऊन ठेवू का?" वर्ग हसला. पण ती बरोबर बोलली होती. छोट्या मेसेजला लायब्ररी नेमकं हेच करते. समोरच्याने मागितलेलं असो वा नसो, त्याच्या दारात नेऊन ठेवते आणि सेंडमधून मोकळी होते. मेसेज मोठा असेल तर दारात ठेवायला जागा नसते. मग ती आधी विचारते, "येऊ का?", आणि पलीकडून रिसीव्ह होईपर्यंत सेंडमध्येच थांबते.

छोटा कुठे संपतो आणि मोठा कुठे सुरू होतो? ओपन एमपीआयच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये एकाच मशीनच्या आत ही मर्यादा साधारण 4 केबी, आणि टीसीपीवरून (नेटवर्कवरून) दुसऱ्या मशीनला पाठवताना साधारण 64 केबी. डबल (दशांशाचा आकडा) 8 बाइटचा. म्हणजे 100 आकड्यांची ओळ 800 बाइट, कुठेही आरामात जाते. 1000 आकड्यांची ओळ 8000 बाइट, ती एका मशीनच्या आत अडकते आणि दोन वेगवेगळ्या मशीनमध्ये मात्र बिनबोभाट जाते! लक्षणांमधलं ते उलटं प्रकरण हेच. 10,000 आकड्यांची ओळ 80,000 बाइट, ती दोन्हीकडे अडकते. एमपीआयसीएचच्या मर्यादा वेगळ्या, म्हणून तोच प्रोग्राम मित्राच्या लॅपटॉपवर चालतो आणि तुमच्याकडे नाही.

तेव्हा "छोट्या मॅट्रिक्सला चालत होता" याचा अर्थ तो बरोबर होता असा घेऊ नका. चूक पहिल्या दिवसापासून होती, लायब्ररी ती झाकत होती. एमपीआयच्या नियमांनुसार सेंडने थांबायचं की पुढे जायचं हे लायब्ररीवर सोडलेलं आहे, आणि ते थांबणार नाही असं धरून लिहिलेला कोड चुकीचाच.

तपासणी अशी: 'एमपीआय_सेंड' च्या जागी 'एमपीआय_एससेंड' लिहा. एक 'एस' वाढवायचा. हा सेंड मेसेज कितीही छोटा असला तरी समोरच्याने घ्यायला सुरुवात केल्याशिवाय परत येत नाही. फाइलभर बदलायचा कंटाळा असेल तर कंपाइल करताना '-डी एमपीआय_सेंड=एमपीआय_एससेंड' द्या, डी आणि नाव यांत जागा न सोडता. आता 4 × 4 ची मॅट्रिक्सही अडकली तर चोर सापडला. 4 × 4 वर चोर शोधणं 1000 × 1000 वर शोधण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं, हा दुसरा फायदा.

दुरुस्ती: सगळ्यात सरळ म्हणजे 'एमपीआय_सेंडरिसीव्ह', देणं आणि घेणं एकाच कॉलमध्ये. सम क्रमांकांनी आधी द्यायचं आणि विषम क्रमांकांनी आधी घ्यायचं, असंही जमतं. 'आयसेंड' आणि 'आयरिसीव्ह' (दोन्ही न थांबता परत येतात) लावून शेवटी सगळं पूर्ण होईपर्यंत थांबणारा 'वेटऑल', हा प्रकार वेगवान असतो. पण वेटऑलच्या आधीच बफरला हात लावणारे विद्यार्थी मी इतके बघितलेत की पहिल्या महिन्यात मी तो शिकवतच नाही.

पुण्यात 1988 मध्ये सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली आणि 1991 मध्ये तिचा परम 8000 हा महासंगणक उभा राहिला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरवर. त्या प्रत्येक चिपला शेजारच्या चिपशी बोलायला चार लिंक होत्या आणि त्यासाठी बनवलेली भाषा होती ऑकम. ऑकमच्या चॅनेलला बफर नसतोच. देणारा आणि घेणारा दोघं हजर असल्याशिवाय व्यवहार होत नाही. म्हणजे तिथे प्रत्येक पाठवणी आपल्या एससेंडसारखीच. आधी दोघांनी दिलं की पहिल्याच आकड्याला अडकणार, मग तो एक बाइट का असेना. शिकवणारीच्या दृष्टीने मला तो कडकपणा बरा वाटतो. म्हणून आता पहिले दोन आठवडे माझ्या लॅबमध्ये साध्या सेंडला बंदी आहे, सगळ्यांनी एससेंडच वापरायचा. सेमिस्टरच्या सुरुवातीला कुरकुर होते, शेवटी हाका कमी येतात.

पंगतीला सगळे बसलेत का?

ब्रॉडकास्ट या शब्दाने घात केलाय. मुलांना वाटतं हा लाउडस्पीकर आहे: क्रमांक 0 ने बोलायचं, बाकीच्यांना आपोआप ऐकू येणार. मग 'इफ रँक शून्य' (रँक म्हणजे प्रोसेसचा क्रमांक) च्या आत 'एमपीआय_बीकास्ट' आणि एल्समध्ये 'एमपीआय_रिसीव्ह'. हे कधीच जुळत नाही. बीकास्ट (सगळ्यांना देणं), रिड्यूस (सगळ्यांच्या आकड्यांचं एक उत्तर काढणं), गॅदर (सगळ्यांचं गोळा करणं), बॅरियर (सगळ्या येईपर्यंत थांबणं) हे सगळे पंगतीसारखे: कम्युनिकेटरमधल्या, म्हणजे त्या गटातल्या, प्रत्येक प्रोसेसने तोच कॉल, त्याच क्रमाने करायचा. वाढणारीने आणि जेवणाऱ्यांनीही. 'इफ रँक' च्या आत असा एखादा कॉल दिसला की पेनाने गोल करा.

हे सोपं झालं. लपलेला प्रकार वेगळा असतो. लूपच्या आत रिड्यूस किंवा बॅरियर आहे आणि लूपचे फेरे प्रत्येकीचे सारखे नाहीत. 100 ओळी 4 प्रोसेसमध्ये वाटल्या तर प्रत्येकीला 25. त्याच 8 मध्ये वाटल्या तर 12 आणि वर 4 उरतात. त्या चार शेवटच्या प्रोसेसच्या पदरात टाकल्या की तिचे फेरे 16 आणि बाकीच्यांचे 12. तेराव्या फेरीला ती एकटीच बॅरियरवर उभी. "4 ला चालतो, 8 ला नाही" याचं कारण इथे बघा.

त्याचाच भाऊबंद: तापलेल्या पत्र्याचं उदाहरण, जिथे पत्र्याचे तुकडे प्रोसेसमध्ये वाटून फेरीफेरीने तापमान काढतात. लूपच्या शेवटी प्रत्येक प्रोसेस आपल्या तुकड्यातली चूक (या फेरीत आकडे किती बदलले ते) बघते आणि ती पुरेशी लहान झाली की ब्रेक करते. कडेचा तुकडा लवकर स्थिर होतो, ती प्रोसेस "माझं झालं, निघते" म्हणून लूपबाहेर पडते, आणि शेजारीण पुढच्या फेरीत तिच्या ओळीची वाट बघत राहते. थांबायचा निर्णय एकटीने घ्यायचा नाही. 'ऑलरिड्यूस' ने सगळ्यांची कमाल चूक काढा आणि त्या एकाच आकड्यावर सगळ्या जणी एकत्र थांबा किंवा एकत्र पुढे जा.

टॅग, आणि सुट्टी न मिळालेले कामगार

टॅग म्हणजे मेसेजवरचं आकड्याचं लेबल. टॅग 0 ने पाठवलं आणि 1 ने मागितलं तर मेसेज दारात पडून राहतो, कुणी उचलत नाही. तपासायला रिसीव्हमध्ये 'एमपीआय_एनी_टॅग' लावून बघा. सुटलं तर टॅगचा घोळ. मग ते एनी तसंच ठेवू नका, खरा टॅग दुरुस्त करा.

उत्तर छापलं जातं पण प्रॉम्प्ट येत नाही, हे बहुतेक वेळा मास्टर-वर्करच्या प्रोग्राममध्ये होतं. मास्टरने सगळी कामं वाटली, उत्तरं घेतली, छापली आणि फायनलाइझवर (एमपीआय बंद करणाऱ्या कॉलवर) गेला. वर्कर मात्र लूपमध्ये पुढच्या कामाची वाट बघतायत, कारण सुट्टी झाली हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. प्रत्येक वर्करला एक शेवटचा मेसेज जायला हवा, वेगळ्या टॅगचा, ज्याचा अर्थ फक्त "बंद करा". वर्कर कामांपेक्षा जास्त असतील तर ज्यांना एकही काम मिळालं नाही त्यांनाही.

नेटवर्क

इथे आलात म्हणजे एका मशीनवर एससेंडनेही प्रोग्राम नीट चालतोय. आता तीन पायऱ्या करा, आणि कुठल्या पायरीवर अडतंय ते लिहून ठेवा.

पहिली: 'एमपीआयरन' ला मशीनची यादी देऊन तुमच्या प्रोग्रामऐवजी 'होस्टनेम' चालवा. होस्टनेम हा एमपीआयचा प्रोग्रामच नाही, तो फक्त मशीनचं नाव छापतो. नावं आली म्हणजे दुसऱ्या मशीनवर प्रोसेस सुरू करता येतेय. नाही आली तर पहिला संशय एसएसएचवर, म्हणजे दुसऱ्या मशीनवर लॉगइन करायच्या सोयीवर. प्रत्येक मशीनवर एकदा हाताने लॉगइन करा. पासवर्ड मागतो का? पहिल्यांदाच आल्यामुळे 'येस' म्हणायला सांगतो का? चावी टाकूनही पासवर्ड मागत असेल तर परवानग्या बघा: '.एसएसएच' फोल्डरला 700, 'ऑथराइज्ड_कीज' फाइलला 600. होम फोल्डरवर ग्रुपला लिहायची मुभा असली तरी सर्व्हर ती चावी मानत नाही, आणि तुम्हाला कारणही सांगत नाही. प्रोग्रामची फाइल दोन्हीकडे त्याच पाथवर आहे आणि तीच आहे, हेही इथेच बघून घ्या. एका मशीनवर कालचीच फाइल राहिली असेल तर पुढे काहीही होऊ शकतं.

दुसरी: प्रत्येकीने फक्त आपला क्रमांक छापायचा असा हॅलो प्रोग्राम. यात एकही मेसेज जात नाही.

तिसरी: क्रमांक 0 कडून 1 ला एकच आकडा. हॅलो चालला आणि हा अडकला, तर दोन संशयित.

एक, फायरवॉल. एमपीआय दरवेळी वेगवेगळ्या पोर्टवर जोडणी करतो, म्हणून एसएसएचचं पोर्ट उघडं असून भागत नाही. 'यूएफडब्ल्यू स्टेटस' बघा. ती चालू असेल तर लॅबच्या आतल्या पत्त्यांना मुभा द्या, सरसकट बंद करू नका.

दोन, आणि याने माझे पूर्ण दोन दिवस खाल्ले होते. 'आयपी अॅड्रेस' दिल्यावर खरं नेटवर्क कार्ड दिसतं तसं 'व्हीआयआरबीआर0' किंवा 'डॉकर0' असंही काही दिसतं का? कुणीतरी व्हर्च्युअल मशीनचं किंवा डॉकरचं प्रॅक्टिकल घेतलेलं असतं आणि त्या सॉफ्टवेअरने प्रत्येक मशीनवर एकेक खोटं कार्ड बनवलेलं असतं. पहिल्याचा पत्ता नेहमीच्या सेटिंगमध्ये सगळीकडे 192.168.122.1, दुसऱ्याचा 172.17.0.1. ओपन एमपीआय सापडतील ती सगळी कार्डं वापरायला बघतो. दोन्ही मशीनवर एकाच नेटवर्कचं कार्ड दिसलं की त्याला वाटतं इथून जाता येईल, आणि तो स्वतःच्याच दारावर थाप मारत बसतो. उपाय एका ओळीचा: '--एमसीए बीटीएल_टीसीपी_इफ_इन्क्लूड 192.168.1.0/24', म्हणजे फक्त लॅबचं खरं नेटवर्क वापर. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील ते टाका.

एमपीआयसीएच वापरत असाल तर 'ईटीसी' मधली 'होस्ट्स' फाइलही बघा. उबुंटू तिथे मशीनच्या स्वतःच्या नावापुढे 127.0.1.1 लिहून ठेवतो. हा पत्ता म्हणजे "मीच". तो दुसऱ्या मशीनला सांगितला की ते स्वतःकडेच वळतं. तिथे खरा पत्ता लिहायचा. त्यासाठी अॅडमिनचे अधिकार लागतात.

अडकलेला नाही, रांगतोय

सगळं चालतंय पण फार हळू, आणि त्यात ठरावीक एक मशीन घेतलं की हळू. 'ईथटूल' ने त्या मशीनच्या कार्डचा वेग बघा. 1000 ऐवजी 100 दिसला तर केबल बघा. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, 100 ला दोनच पुरतात. म्हणून एक तार तुटली तरी इंटरनेट चालू राहतं आणि कुणाला संशय येत नाही. 3600 × 3600 डबलची मॅट्रिक्स साधारण 104 एमबी होते. ती धड केबलवरून सेकंदाभरात जाते, अशा केबलवरून नऊएक सेकंद घेते, आणि बाकी तेवीस मशीन तिच्यासाठी थांबतात. आमच्याकडे ती केबल बाकाच्या पायाखाली चेपलेली निघाली. नवी केबल बसवली, काम झालं.

शेवटचं हत्यार

प्रोग्राम '-जी' लावून कंपाइल करा, अडकू द्या, दुसऱ्या टर्मिनलमध्ये प्रत्येक प्रोसेसचा पीआयडी (सिस्टिमने दिलेला क्रमांक, रँक नव्हे) शोधून 'जीडीबी -पी' या डीबगरने तिला चिकटा आणि 'बीटी' द्या, म्हणजे ती कुठल्या ओळीवर उभी आहे ते दिसेल. वरच्या दहा-पंधरा ओळी लायब्ररीच्या पोटातल्या असतात, त्या सोडा. आपल्या फाइलचं नाव जिथे पहिल्यांदा येतं ती ओळ बघा. चार प्रोसेसच्या चार ओळी कागदावर शेजारी शेजारी लिहा. तिघी ऑलरिड्यूसवर आणि एक रिसीव्हवर असं दिसलं की पुढे काही समजावून सांगावं लागत नाही. उबुंटूवर याला सहसा सुडो लागतो, म्हणून विद्यार्थ्यांना हे लॅबमध्ये कुणाला तरी सोबत घेऊनच करावं लागेल.

इथे थांबा

स्विचच्या सेटिंगला हात लावू नका. लॅबमधल्या एका प्रयोगासाठी कुणीतरी तिथे बदल करतं आणि ऑफिसमधलं फी भरायचं काउंटर बंद पडतं. नेटवर्क अॅडमिनला बोलवा. सगळ्यांचं सामायिक फोल्डर देणारा सर्व्हर अडला असेल तरी तसंच.

कोड कुठलाही असो, दरवेळी एकच मशीन मरत असेल आणि 'डीमेसेज' मध्ये मेमरीच्या किंवा हार्डवेअरच्या एरर दिसत असतील तर तो हार्डवेअरवाल्याचा विषय. ते मशीन यादीतून काढा, त्यावर चिठ्ठी लावा, आणि बाकीच्या तेवीसांवर काम चालू ठेवा. रॅम काढून पुसून परत बसवायचा मोह आवरा, निदान वॉरंटी संपेपर्यंत.

एखाद्या संस्थेच्या महासंगणकावर खातं मिळालं असेल तर वरचा नेटवर्कचा सगळा भाग विसरा. तिथलं जाळं वेगळं असतं आणि ते तुमचं नाही. लॉगइन नोडवर (नोड म्हणजे तिथलं एकेक मशीन) प्रोग्राम चालवून बघू नका, जॉब रांगेतूनच टाका. एससेंडची तपासणी पार पडली, 'बीटी' मध्ये आपली ओळ निर्दोष दिसतेय, आणि तरी अडकतोय, तर सपोर्टला लिहा.

लिहिताना नुसतं "हँग होतंय" लिहू नका. दिलेली पूर्ण कमांड, जॉबचा क्रमांक, एमपीआयसीसी आणि एमपीआयरनची व्हर्जन, कुठल्या नोडवर होतं आणि कुठल्या नोडवर होत नाही, किती प्रोसेसपर्यंत चालतं, एससेंडने काय झालं, आणि जीडीबीतून उतरवलेल्या त्या चार ओळी. एवढं एका मेलमध्ये गेलं की पलीकडचा माणूस पहिला प्रश्न विचारण्याआधीच कामाला लागतो.